पिवळी नस

आर्लिस टोस्ट्रूडने आयुष्यभर माणसं कापली आणि त्यातलं एकही तिला पसंत पडलं नाही. कापली म्हणजे पडद्यावर. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर जुन्या गादी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक स्टुडिओ आहे. तिथे बसून ती माणसाच्या शरीराची त्रिमितीय मॉडेलं सॉफ्टवेअरने चिरायची आणि आतलं सगळं उघडं करून दाखवायची. आमच्या या भागात दर दुसरी कंपनी शरीरात बसवायची काही ना काही वस्तू बनवते. कोणी हृदयाची झडप, कोणी गुडघा, कोणी मणक्यातले स्क्रू. वस्तू विकायची तर ती आत कुठे बसते ते दाखवायला हवं, आणि खरं शरीर उघडून दाखवलं तर गिऱ्हाईक तोंडावर रुमाल धरून पळेल. तेव्हा आर्लिस. छाती पुढून उघडी, पोट बाजूने उघडं, डोकं मधोमध अर्धं, आणि सगळं कसं स्वच्छ, धुऊन पुसून फडताळात मांडल्यासारखं.

तिच्यासारखं कापणारं दुसरं कोणी नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. तिच्याइतकं तुसडंही कोणी नव्हतं. आणि हा तुसडेपणा शेवटी तिच्या भावाच्या गळ्याशी आला. गळा म्हणतेय तो खराखुरा गळा, बोलण्यातला नव्हे.

आधी तिचा तुसडेपणा कशावर होता ते सांगते. संगणकातलं माणसाचं मॉडेल म्हणजे रंगवलेलं टरफल असतं. सॉफ्टवेअरमध्ये एक अदृश्य पाटी असते, ती मॉडेलमधून सरकवली की पाटीच्या अलीकडचं सगळं नाहीसं होतं आणि आतलं दिसतं. पण आत असतं काय? काही नाही. यकृत कापलं की आत पोकळी, मांडी कापली की आत पोकळी, आणि पलीकडे त्याच कातडीची उलटी बाजू. कापलेल्या तोंडावर मग झाकण बसवावं लागतं आणि झाकणावर आतलं मांस रंगवावं लागतं, हाडाची जाळी वेगळी, स्नायूचे धागे वेगळे. नवशिके ते करत नाहीत. ते कातडी कापतात, आत थोडा निळा उजेड सोडतात आणि त्याला कला म्हणतात. आर्लिसने हाताने चित्रं काढायच्या काळात हे शिकून घेतलं होतं. शवागारात थंडीने बोटं वाकडी होईपर्यंत उभं राहून तिने खरी माणसं उघडून पाहिली होती. या पोरांनी कोंबडीसुद्धा स्वतः कापलेली नाही, असं तिचं मत होतं, आणि ते मत खरं होतं.

आणखी एक राग तिचा आरशावर होता. शरीराचं अर्धंच अंग बनवायचं आणि एक बटण दाबून दुसरं अर्धं आरशातल्यासारखं उभं करायचं, ही या धंद्यातली चलाखी. हातापायांना ती खपते. आत खपत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने विकत आणलेल्या माणसाला दोन्हीकडे तीन-तीन कप्प्यांची फुफ्फुसं निघाली. डावीकडे दोनच असतात, हृदयाला जागा लागते. आर्लिसने तो माणूस इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि ती म्हणाली, "वेगळं आहे हं."

हे "वेगळं आहे" काय प्रकरण आहे ते इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. मिनेसोटात कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. म्हणजे तोंडावर म्हणत नाही. शेजारणीने हॉटडिशमध्ये, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थात, बेदाणे घातले, की वेगळं आहे हं. चर्चमधल्या नव्या पाद्र्याने गिटार आणलं, वेगळं आहे हं. पुतणीने डोकं भादरून हिरवं केलं, तेही वेगळंच आहे. याचा अर्थ असा की हे घाणेरडं आहे, माझ्या डोळ्यांसमोरून न्या. इथली माणसं दोन शब्दांत अख्खा तिरस्कार बसवतात आणि वर स्वतःला सभ्य म्हणवून घेतात. या सभ्यतेचा मला मनापासून वीट आलाय. पण इथे जन्मलेल्याला ते दोन शब्द कानफटात दिल्यासारखे लागतात हे मात्र खरं. आर्लिस इथलीच. केन्यन गावाजवळच्या गाईगोठ्यात वाढलेली, नॉर्वेच्या आज्याची नात. ती "वेगळं आहे" म्हणाली की स्टुडिओत लोक ते काम मुकाट्याने खोडून पुन्हा करायला बसत.

तिला आवडणारी माणसं कोण, असं विचाराल तर सांगता येणार नाही. डॉक्टर तिला आवडत नसत. त्यांना आपली शस्त्रक्रिया चित्रात रक्ताशिवाय हवी असे. कंपनीवाले तर नकोच. त्यांना शरीरात चरबी नको असे, आणि शरीर तर चरबीत बुडालेलं असतं. "सगळे बारीक, सगळे तरुण, आणि आजारी मात्र सगळेच," असं ती एकदा मनाशी म्हणाली होती. मनाशीच. धाकटा भाऊ व्हर्लिन, तोही तिला थोडा कमीच वाटायचा. कॉलेज सोडून तो लिलाव पुकारायला शिकला. केन्यनच्या बाहेर जनावरांचा लिलाव भरतो, तिथे उंच लाकडी मंचावर बसून तो गाई विकतो. "पाच, पाच, साडेपाच कोण, साडेपाच आले, सहा कोण, सहा कोण, सहा," असं श्वास न घेता गात सुटतो, आणि समोर शेतकरी टोपीखालून भुवई उडवतात. हे कसलं काम, असं आर्लिसला वाटायचं. तोंड वाजवायचं आणि पोट भरायचं. पण सगळ्या जिल्ह्यात त्याच्या आवाजासारखा आवाज नव्हता, आणि म्हातारा शेतकरी गोठा मोडायला निघाला की व्हर्लिनलाच बोलवायचा. निदान आपल्या गाई चांगल्या आवाजात जाव्यात म्हणून.

आता ब्रेंटचं सांगते. ब्रेंट कूल्टर एका कंपनीचा मार्केटिंगवाला, मूळचा दूरच्या वाळवंटी ॲरिझोनाचा, कातडं उन्हात भाजलेलं आणि दात फार पांढरे. त्याच्या कंपनीने थायरॉइडची गाठ कापायला एक गरम चिमटी काढली होती. चिमटीत धरलं की रक्तवाहिनी भाजून बंद होते, रक्त सांडत नाही. ती दाखवायला आर्लिसने गळा बनवला, आणि तो गळा तिच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होता. कातडी बाजूला, वरचे स्नायू पडद्यासारखे सारलेले, थायरॉइड मधोमध कापलेली, मागे श्वासनळीच्या कड्या. आणि श्वासनळी-अन्ननळीच्या मधल्या खाचेतून वर जाणारी आवाजाची नस, पिवळी, शिवायच्या दोऱ्याएवढी. ही नस सरळ गळ्यात येत नाही. ती वरून छातीकडे उतरते, वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. उजवी खांद्याकडच्या धमनीखालून वळते, डावी थेट छातीत जाऊन हृदयाच्या मोठ्या धमनीखालून. आरशाचं बटण दाबणाऱ्यांची इथे हटकून चूक होते. आर्लिसने दोन्ही नसा वेगवेगळ्या बनवल्या, हाताने. त्या गळ्यावर ती मनातून खूश होती, आणि तिच्यासारखीला खूश होणं फार जड जात असे.

बैठकीत तो गळा मोठ्या पडद्यावर लावला. बाजूला माई सी वांग बसली होती. चाळिशीची, स्टुडिओतली दुसरी चांगली कापणारी, इथल्याच फ्रॉगटाउन वस्तीत वाढलेली, लाओसहून आलेल्या ह्मोंग लोकांतली बाई. ती मनात काही ठेवायची नाही, आणि आर्लिसला तो तिचा उणेपणा वाटायचा.

"हे पिवळं काय लोंबतंय?" ब्रेंटने विचारलं.

"आवाजाची नस," माई सी म्हणाली.

"ती दिसायलाच हवी का?"

"डॉक्टर आधी तीच शोधतात. ती भाजली तर आवाज गेला. आणि तुमची चिमटी तिच्या शेजारूनच जाते."

"डॉक्टर गेले बाजूला. हे पेशंटसाठी आहे," ब्रेंट म्हणाला. "दवाखान्यात टॅबलेट देणार आम्ही. बोटाने गळा फिरवायचा, हवा तिथे कापून बघायचा. पिवळा दोरा दिसला की पेशंट विचारणार, हे काय? मग घाबरणार. कशाला? काढून टाका असं नाही म्हणत मी. नुसता तिचा डोळा मिटा."

सॉफ्टवेअरमध्ये शरीराच्या प्रत्येक भागाच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो. त्यावर बोट मारलं की डोळा मिटतो आणि तो भाग दिसेनासा होतो. असतो तिथेच, पण दिसत नाही.

"इथे काहीच नाही असं वाटेल बघणाऱ्याला," माई सी म्हणाली. "हे चित्र खोटं होईल. मी तर नाही करणार."

मग सगळे आर्लिसकडे बघायला लागले. गळा तिचा होता. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. या वाळवंटातल्या माणसाला नस आणि शेवई यातला फरक कळत नाही, याची आई याला रोज दात घासायला सांगायची तेवढंच याचं शिक्षण, असं काहीतरी. तिरस्काराने तिचे कान गरम झाले होते. तिने चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला, आणि ती शांतपणे म्हणाली, "वेगळं आहे हं."

"थँक यू," ब्रेंट खूश होऊन म्हणाला. "मला वाटलंच होतं, तुम्हाला पटेल."

आर्लिसने माउस सरकवला आणि डोळा मिटला.

नंतर स्वयंपाकघरात माई सी कॉफी घ्यायला आली. "तुम्ही काहीच बोलला नाहीत, आर्लिस."

"बोलले की."

"वेगळं आहे म्हणालात."

"मग? याहून वाईट मी कोणाला काय बोलायचं?"

"त्याला ते कळलं नाही."

"ते त्याचं अडाणीपण," आर्लिस म्हणाली. "मी आपलं बजावलं."

माई सी कप उचलून गेली. त्या कामावर आपलं नाव नको, असं तिने सांगून टाकलं आणि दुसरं काम मागून घेतलं. एवढा तमाशा करून काय मिळवलं, असं आर्लिसच्या मनात आलं. इथे वाढूनही या बाईला रीत शिकता आली नाही. चित्राच्या कोपऱ्यात सही राहिली ती एकट्या आर्लिसची, टोस्ट्रूडच्या 'टी'ला लांब शेपटी असलेली, सगळ्या चित्रांखाली असते तशी. त्यानंतर कित्येक महिने तिला त्या गळ्याची आठवण झाली की ती स्वतःशी म्हणायची, मी विरोध केला होता. आणि ती त्यावर खरंच विश्वास ठेवून होती. असा विरोध करणं फक्त आमच्याकडचीच माणसं जाणतात.

मग एका शुक्रवारी दुपारी व्हर्लिन तिच्या दारात उभा राहिला. शुक्रवारी आर्लिस घरूनच काम करायची. व्हर्लिन शहरात आला की यायचा, दारात बूट काढायचा, टोपी मात्र डोक्यावरच. टोपीवर खताच्या कंपनीचं नाव. आर्लिस ती टोपी बघून दर वेळी नाक मुरडायची.

"कॉफी घेतोस?"

"नको, नको. लगेच निघतोय."

"केलेलीच आहे रे."

"कशाला उगीच."

"रूबार्बचे बार्स पण आहेत."

"बरं, एवढा आग्रह करतेस तर." इथे तिसऱ्या वेळेला हो म्हणतात. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा भांडायला आलेला समजायचा.

त्या आंबटगोड वडीचा तुकडा गिळताना तो थांबला, मान पुढे काढून त्याने घोट घेतला आणि मग बोलायला लागला. त्याच्या गळ्यात उजवीकडे अक्रोडाएवढी गाठ होती. आर्लिसला ठाऊक होती. वर्षभर तो लपवत होता आणि मफलर लावून फिरत होता.

"सोमवारी काढतायत," तो म्हणाला. "घाबरायचं काही नाही. बघितलंय मी सगळं."

"काय बघितलंस?"

"अगं, तुझं चित्र."

आर्लिसने कपाला हात लावला होता, तो तसाच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे," व्हर्लिन सांगत होता. "घाई काही नाही. गिळायला होतो तेवढा त्रास सोसवत असेल तर थांब, नसेल तर काढू, तुझं तू ठरव. म्हणाले, तिथे आवाजाची नस असते, क्वचित तिला लागतं आणि आवाज बसतो. कधीकधी कायमचा. मी म्हटलं, मग थांबतोच. आर्लिस, मला दुसरं काय येतं? आवाज गेला तर मी मंचावर बसून काय करू, गाईंना हात दाखवू?"

"मग?"

"मग त्या नर्सने टॅबलेट दिला. मी गळा असा फिरवला, तसा फिरवला. कापून बघितला. पुढून, बाजूने, मागून. नस कुठेच दिसली नाही. म्हटलं, असेल कोणाकोणाला, आपल्या बाजूला काही दिसत नाही. आणि मग कोपऱ्यात सही दिसली. ती शेपटी. मी नर्सला म्हटलं, ही माझी बहीण. हिच्या चित्रात नाही म्हणजे नाही. शाळेत असताना ही मेलेल्या वासराच्या आतड्यांचं चित्र काढायची, आणि एक वळण चुकलं तर पान फाडून टाकायची." तो हसला. "खाली तुझी सही म्हटल्यावर मीही फॉर्मवर माझी ठोकून दिली."

लहानपणापासून व्हर्लिनने तिच्या कामाबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता. 'आर्लिसची चित्रं' असं तो म्हणायचा, 'आर्लिसची मांजर' म्हणावं तसं. आणि आज काढला तो असा.

बोलायला तिला वाक्य सापडेना. आयुष्यभर तिने जी भाषा वापरली ती दुसऱ्याला खाली पाहायला लावायची होती. स्वतः खाली उतरायला त्या भाषेत शब्दच नव्हता. जो होता तो तिने काढला.

"ते चित्र," ती म्हणाली, "जरा वेगळं आहे, व्हर्लिन."

व्हर्लिनने डोळे मिचकावले. "झालं तुझं सुरू. स्वतःच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय तुला झोप येत नाही. आजोबासुद्धा तसेच. चांगलं कोठार बांधायचे आणि म्हणायचे, पडलं नाही अजून एवढंच." त्याने कप खाली ठेवला. "चल, निघतो."

आता आमच्याकडे निघतो म्हटल्यावर माणूस निघत नाही. आधी खुर्चीतून उठून बोलायचं, मग दारात बोलायचं, मग बूट चढवताना, मग पायरीवर, मग गाडीची काच खाली करून. आर्लिस त्याच्या मागेमागे दारापर्यंत गेली. त्याने बूट चढवले. शेजारच्यांच्या लग्नाचं सांगितलं, ट्रकच्या ब्रेकचं सांगितलं. पुढच्या शनिवारी गुडह्यूजवळ एका म्हाताऱ्याचा अख्खा गोठा विकायचा आहे असं सांगितलं. "तोवर आवाज थोडा घोगरा असेल म्हणाले, पण गाठ गेल्यावर कसा मोकळा होईल बघ," तो म्हणाला आणि गंमत म्हणून दारातच पुकारायला लागला, "सात, सात, साडेसात कोण, साडेसात झाले, आठ कोण, आठ कोण," आणि गिळायला थांबला, गाठीवर हात ठेवला, पुन्हा हसला.

तो आवाज जिन्यात घुमला. वरच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडून बघितलं.

"व्हर्लिन," आर्लिस म्हणाली. "बूट काढ. आत ये."

"आत्ताच घातले ना."

"काढ म्हणते."

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे कप बाजूला केले आणि लॅपटॉप उघडला. गळा पडद्यावर आला. स्वच्छ, सुंदर, रिकामा. तिने अदृश्य पाटी बाजूने सरकवली, थायरॉइड मधोमध कापली गेली. मग नावांच्या रांगेत ती खाली खाली गेली, एका मिटलेल्या डोळ्यावर थांबली, आणि तिने तो उघडला.

पिवळी नस आली. उजवीकडची, त्याच्या गाठीच्या बाजूची, थायरॉइडच्या मागच्या अंगाला जवळजवळ चिकटून वर जाणारी. तिने चिमटी पण लावून दाखवली, कंपनीला हवी होती तिथे. दोन्हींच्या मध्ये नखाएवढीही जागा नव्हती.

व्हर्लिनने खुर्ची पुढे ओढली. "ही कुठे होती?"

"इथेच."

"दवाखान्यात नव्हती."

"होती. डोळा मिटलेला होता."

"कोणी मिटला?"

"मी."

त्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. आर्लिस मग बोलत सुटली, ब्रेंटचं, ॲरिझोनाचं, घाबरणाऱ्या पेशंटचं, आणि तो माणूस किती अडाणी, त्याला काही म्हणजे काही कळत नाही.

"ते असू दे," व्हर्लिन म्हणाला. "तू काय म्हणालीस?"

"मी विरोध केला."

"काय म्हणालीस ते सांग."

"मी म्हटलं," आर्लिस म्हणाली, आणि स्वतःच्या कानांना ते पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं झालं, "वेगळं आहे."

रोज शंभर माणसांच्या भुवया वाचणारा माणूस व्हर्लिन, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"ॲरिझोनाच्या माणसाला," तो म्हणाला.

"हो."

"आणि मग बोट दाबलंस."

"हो."

"माझ्याकडे असे येतात," तो म्हणाला. "मागच्या बाकावर बसतात, हाताची घडी घालून. मनातल्या मनात बोली लावतात. गाय दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढली की मग मला येऊन सांगतात, मी तर अजून वर जाणार होतो."

आर्लिसला लाज वाटली. लहानपणी दुधाची बादली लाथेने सांडल्यावर वाटली होती तशी साधी, उघडी लाज. ब्रेंट तिला कधी एवढा हलका वाटला नव्हता, जेवढी त्या क्षणी ती स्वतःला वाटली. ब्रेंटला निदान सांगूनही त्या नसेची किंमत कळली नव्हती. माई सीला ठाऊक होतं आणि तिने ते सरळ सांगितलं. ठाऊक असून नाक वर करून बोट दाबणारी ती एकटीच होती.

"माझी चूक झाली, व्हर्लिन," ती म्हणाली. हे वाक्य तिने याआधी कोणाला म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

तो ऐकत नव्हता. त्याने आपलं जाड बोट टचपॅडवर ठेवलं आणि डोळा मिटला. नस गेली. उघडला, नस आली. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला.

"दवाखान्यात अजून तसंच आहे ना हे?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे आज दुपारीही कोणीतरी बघत असेल."

"असेल."

"सगळ्यांची बहीण नसते तिथे," तो म्हणाला.

मग तो वाकून कोपऱ्यातल्या सहीकडे बघायला लागला. लांब शेपटीवरून त्याचं बोट सावकाश फिरलं. आर्लिसला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला असता तर फार बरं झालं असतं. पण तोही केन्यनचाच, त्याच गोठ्यातला, त्याच आज्याचा नातू. त्याने टोपी डोक्यावर चढवली, बहिणीच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि हळूच, अगदी सभ्यपणे म्हणाला, "वेगळं आहे हं."

आर्लिस उठली. "आणखी कॉफी देते."

"नको."

"थोडी तरी."

"नको."

"व्हर्लिन, अर्धा कप."

"नको," तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि बूट चढवायला गेला. दारात काही बोलला नाही, पायरीवरही नाही.

ती खिडकीपाशी उभी राहिली. तो ट्रकमध्ये बसला, काच वर केली आणि खिशातून फोन काढला. दवाखान्याला लावला असणार, सोमवारचं रद्द करायला. काच बंद होती. त्याचं तोंड हलताना दिसत होतं, पण आवाज काही तिला ऐकू येत नव्हता.